स्क्रीन बंद करून निवडलेलं लिनक्स

रामदासपेठेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला की बरीच वर्षं पलीकडून एक भरदार बायकी आवाज यायचा, "नमस्कार, बोला." त्या 'बोला'त असा काही वचक होता की घाबरेघुबरे नातेवाईकसुद्धा पाल्हाळ सोडून मुद्द्यावर यायचे. तो आवाज चारुशीला पांढरीपांडेचा. लहानपणी गोवर निघाला आणि त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. पुढे अंधशाळा, मग बी.ए., मग टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स, आणि त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर सगळी नोकरी. डॉक्टर कोणता, हे ती त्याच्या खाकरण्यावरून ओळखायची. कोणी उगाच दया दाखवली तर त्याची लाइन लागायला जरा वेळ लागायचा, असं हॉस्पिटलातले लोक म्हणत. ती ते नाकारत नसे.

निवृत्तीनंतर ती प्रतापनगरात थोरल्या बहिणीकडे राहायला आली. मुग्धा शाळेत मराठी शिकवायची. तीही आता निवृत्त, यजमान वारलेले, मुलगी परगावी. दोघी बहिणी एकमेकींना धरून होत्या आणि रोज भांडायच्या. भाजीत मीठ किती, कूलर कितीवर, रेडिओ किती मोठा, भांडायला विषय पुरून उरायचे.

नोकरी सुटली तरी चारुशीलेचे कान रिकामे बसणाऱ्यातले नव्हते. रेकॉर्डिंग ऐकून ते जसंच्या तसं टाइप करून द्यायचं काम तिनं धरलं. कधी कोणाचं व्याख्यान, कधी मुलाखत. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर. आणि टाइप केलेलं तिचा कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा, कारण त्यात स्क्रीनवरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटर जुना होता, पण तिला त्याचे सगळे स्वभाव ठाऊक होते.

गेल्या वर्षी हिमानी नावाची एक संशोधक मुलगी तिच्याकडे आली. भिवापूरकडच्या म्हाताऱ्या बायकांशी मिरचीच्या शेतीबद्दल बोलून तिनं पुष्कळ रेकॉर्डिंग जमवलं होतं. "ताई, अट एकच," ती म्हणाली. "बाई जे बोलली तेच पाहिजे. एक अक्षरही सुधरवायचं नाही."

"मी टेलिफोनवर होते बाई," चारुशीला म्हणाली. "दोन माणसांच्या बोलण्यात आपलं तोंड घालायचं नाही, हाच तर आमचा धंदा."

त्या सगळ्या बायकांत तिला पंचफुला नावाची एक फार आवडायची. दम लागलेला पण खणखणीत आवाज, आणि बोलता बोलता मध्येच फुटणारं हसू. "मिरची तोडाले गेलो का हात असे जयत, का इचारू नोको," पंचफुला सांगायची. "माह्या डोयाची आग होये. पण डोये चोयाचे नाही, लेकराले हात लावाचा नाही. मले तं बाप्पा सवयच झाली." चारुशीला हे वाक्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायची आणि एकटीच हसायची.

काम निम्म्यावर आलं आणि कॉम्प्युटरनं हातपाय गाळले. मेल उघडेना, इंटरनेटवरचं काही चालेना. सगळीकडून उत्तर एकच, तुमचं विंडोज फार जुनं झालं. केयूरला बोलावलं. केयूर हा मुग्धाचा एके काळचा विद्यार्थी, आता चाळिशीचा संसारी गृहस्थ, ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करणारा. त्यानं नवं विंडोज टाकलं, स्क्रीनही बदलून दिला. पण त्या जुन्या जीवाला ते ओझं झेपेना. बटण दाबावं आणि त्याचा आवाज येईपर्यंत चहातली साखर विरघळावी. अक्षरं अर्धीच ऐकू यायची, कधी तीन वाक्यं एकदम अंगावर. शेवटी चारुशीलेनं बोलणारं सॉफ्टवेअर बंदच केलं. नवा कॉम्प्युटर घे, असं मुग्धाच्या मुलीनं फोनवर सांगितलं. "टाइप तर होऊन राहिलं ना? मग चालता डबा भंगारात काहून टाकायचा?" असं म्हणून चारुशीलेनं तो विषय संपवला.

आता शेजारी खुर्ची टाकून मुग्धा बसू लागली. चारुशीला ऐकून टाइप करायची, मुग्धा स्क्रीनवर पाहून चुका सांगायची आणि शेवटी फाइल पाठवून द्यायची.

"एक चौकोन आला बघ," मुग्धा म्हणायची.

"त्यात काय लिहिलंय?"

"असंच काहीतरी इंग्रजी. ओके करू?"

"अगं, वाच तर आधी!"

"केलं मी."

तरी दिवस चालले होते. दुपारी दोघी एकत्र बसायच्या, आणि चारुशीलेला एका बाजूनं ते बरंही वाटायचं. मग एका सकाळी हिमानीचा फोन आला. तिच्या आवाजात एक अवघडलेपण होतं, ते चारुशीलेनं पहिल्याच शब्दात ओळखलं.

"ताई, राग नका मानू," हिमानी म्हणाली. "पण पंचफुलाबाई 'माझ्या डोळ्यांची आग होत असे' असं म्हणतील का हो?"

चारुशीलेनं 'माह्या डोयाची' असंच टाइप केलं होतं. बोटांना ते आठवत होतं. "पुढचं वाच," ती म्हणाली. हिमानी वाचत गेली. 'मले'चं 'मला' झालं होतं, 'जयत'चं 'जळत', 'तोडाले'चं 'तोडायला'. पंचफुला बोलता बोलता शाळेतली बाई झाली होती.

"सगळं परत पाठव," चारुशीला म्हणाली. "मी नव्यानं करून देते. थोडा वेळ दे फक्त." हिमानीनं बरं म्हटलं.

मुग्धा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. चारुशीला दाराशी जाऊन उभी राहिली. "तू पंचफुलाचं बोलणं बदललंस?"

"बदललं नाही, शुद्ध केलं," मुग्धा म्हणाली. "इतकं अशुद्ध लोकांपुढे जाणार आणि खाली नाव पांढरीपांडे!"

"नाव माझं नाहीच आहे त्यावर. तिचं आहे."

"म्हणजे मी दुपारभर डोळे फोडून बसत होते ते फुकटच?"

"मला न विचारता काहून केलंस, एवढंच सांग."

"मग बस एकटी," मुग्धा म्हणाली, आणि भांड्यांचा आवाज मोठा झाला.

त्या दिवशी दोघी मुक्यानं जेवल्या. चारुशीलेला मुग्धाचा राग होता, पण तो वरवरचा. आतला राग वेगळाच होता. आपल्या हातून गेलेलं काम आपल्यालाच तपासता आलं नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून सही करून टाकली, हे तिला सोसवत नव्हतं. जन्मभर ती ज्या गोष्टीपासून पळत आली, तीच घरच्या खुर्चीत येऊन बसली होती. तिनं केयूरला फोन लावला. "मला परत बोलणारा कॉम्प्युटर पाहिजे. ह्याच डब्यात."

केयूर रविवारी आला. "मावशी, ह्याच्यावर आता विंडोजचा नाद सोडा," तो म्हणाला. "त्याच्या जागी दुसरी सिस्टीम, लिनक्स टाकू. फुकट असते, हलकी असते, जुन्या मशीनला मानवते."

"मला त्यातलं काहीच येत नाही. मला जमेल?"

"नवशिक्यांसाठीच असतात हो तिचे काही प्रकार. मिंट आहे, झोरिन आहे, लुबंटू आहे, कितीतरी आहेत. पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहायची, आवडली तरच आत टाकायची. दिसायला एकदम विंडोजसारखी. कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, मोठमोठे आयकॉन. तुम्हाला वाटणारही नाही काही बदललं म्हणून."

"दिसायला," चारुशीला म्हणाली.

केयूरनं जीभ चावली. मग त्यानं त्यातली सगळ्यात हलकी पेनड्राइव्हवरून चालवली. कॉम्प्युटर खरंच तरतरीत झाला, पंख्याची घरघरसुद्धा उतरली. बोलणारं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं, ते त्यानं इंटरनेटवरून घेतलं, माउसनं इकडेतिकडे काही केलं आणि स्पीकरमधून आवाज आला. चारुशीलेनं बटणं दाबून पाहिली. एका खिडकीत बोलायचं, दुसरीत गप्प. मेनूत शिरलं की विहिरीत दगड टाकल्यासारखं, काहीच वर यायचं नाही.

"आहे हो मावशी, मेनू उघडलाय, मला दिसून राहिला," केयूर म्हणाला.

"स्क्रीन बंद कर."

"काय?"

"स्क्रीन बंद कर, आणि मला एक फाइल उघडून दाखव."

त्यानं स्क्रीन बंद केला. बटणं दाबत राहिला, थांबला, पुन्हा दाबली. मग स्वतःच हसला. "हे तर मलाही जमत नाही."

"मग ती सोपी कोणासाठी आहे?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. केयूर मनाचा भला. पुढच्या रविवारी तो दुसरी घेऊन आला. ती देखणी आहे असं तो म्हणाला, आणि ती बोलतही होती. पण तिच्या थाटामाटानं कॉम्प्युटरला परत धाप लागली. एक मुकी निघाली आणि दुसरी दमेकरी, असा हिशोब करून चारुशीलेनं चंपतरावांना फोन लावला.

चंपतराव सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते, आणि तेही तिच्यासारखेच अंध. खाणीत कोणी जखमी झालं की त्यांचा फोन हॉस्पिटलात यायचा. चार शब्दांत काम व्हायचं. 'माणूस निघाला, छाती दबली' असं ते म्हणायचे, आणि गाडी पोचायच्या आत चारुशीलेनं डॉक्टर उभा केलेला असायचा. अशी ओळख वाढली. दोघं प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. त्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. निवृत्तीनंतरही फोन चालूच राहिले.

सगळी हकिगत ऐकून चंपतराव म्हणाले, "ताई, तुमी उलट्या टोकाकून धरून राहिल्या. डोयसवाले लोक पाह्यतात कोणती सुंदर दिसते. आपल्याले त्या सुंदराचं काय लोणचं घालाचं हाय? आपण पहिले इचाराचं, चालू केल्याबरोबर बोलते का? आन् मशीनमधी टाकतानाच बोलते का? जे आपल्याले आपल्या हातानं टाकता येते, तेच आपल्यासाठी सोपं."

"तुम्ही कोणती घेतली?"

"उबंटू मॅटे. माह्या जुन्या डब्ब्यावर मस्त चालून राहिली. मेनू, फाइली, सगळं बोलते. पेनड्राइव्ह लावाचा, चालू कराचं, जरा दम धराचा. मंग अल्ट, विंडोजचं बटन आन् एस, तिनी संग दाबाचे."

"मराठी बोलते?"

"बोलते. पण पत्र्याच्या डब्ब्यात तोंड घालून बोलल्यावाणी. पहिले पहिले माहं डोकं दुखे. आता घरच्या माणसापेक्षा त्याचं लवकर समजते."

"मी इथंच हाये म्हटलं!" मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, आणि चारुशीला बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

केयूरनं चंपतरावांनी सांगितलेलं पेनड्राइव्हवर घेऊन दिलं आणि जुन्या सगळ्या फाइलींची नक्कल वेगळी काढून ठेवली. "मी येतो, करून देतो," तो म्हणाला. "नको," चारुशीला म्हणाली. "माझ्या हातानं होते का, तेच तर पाहायचंय."

दिवस मेचे होते. दुपारी तिनं कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत बारीक आवाज ऐकू आला नसता. मुग्धा आतल्या खोलीत पडली होती. तिचा अबोला अजून पूर्ण सुटला नव्हता. पलंग तेवढा कुरकुरला. चारुशीलेनं पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू केला आणि घामाच्या धारा पुसत वाट पाहिली. मग तिन्ही बटणं एकदम दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. काही नाही. बंद करून चालू केला, अजून थोडं थांबली, दाबली. आतला पंखा फिरत होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. पण तिच्यापुढे ते दगडासारखं पडलं होतं. डोळस माणसाला आवाज गेला तर गाणं गेलं, एवढंच. तिचं सगळं दारच बंद झालं होतं. मुग्धाला हाक मारावी, असं एकदा ओठांवर आलं. तिनं ते गिळलं आणि चंपतरावांना फोन केला.

"स्पीकर लावला हाय?"

"लावलाय. केयूर होता तेव्हा बोलत होतं की हो."

"स्क्रीनची वायर कशी हाय? टीव्हीले लावतात तशी चपटी?"

चारुशीलेनं हात मागे घालून चाचपलं. "चपटीच. स्क्रीन बदलला तेव्हाची."

"मंग आवाज त्या वायरीनं स्क्रीनमधी चालला, आन् स्क्रीनले तोंडच नाही. तुमचा तो केयूर माउसनं आवाज स्पीकरकडे वयवून देत असन. सांगाले भुलला असन. उपटा ती वायर."

खरंच तसं होतं. केयूरनं ते दर वेळी दोन टिचक्यांत केलं होतं, आणि ते सांगण्याजोगं आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. चारुशीला टेबलाखाली शिरली. धूळ नाकात गेली, डोकं कडेवर आपटलं. तिनं वायर धरून ओढली. वर येऊन पुन्हा तिन्ही बटणं दाबली, आणि स्पीकरमधून एक चपटा, बेसूर, परका आवाज इंग्रजीत म्हणाला, स्क्रीन रीडर चालू.

ती तशीच खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. फोनवर चंपतरावांनीही तो आवाज ऐकला होता. "बोलली," ते म्हणाले. "करा आता," आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचं काम तो आवाज विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, नाव काय. मग तो म्हणाला, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? नक्कल काढलेली होती, हे ठाऊक असूनही तिचं बोट अडलं. ते वाक्य तिनं परत वाचायला लावलं, मग अजून एकदा. कोणी घाई करणारं नव्हतं, कोणी 'केलं मी' म्हणणारंही नव्हतं. तिनं बटण दाबलं.

दाराशी पावलं वाजली. "पाणी देऊ?" मुग्धानं विचारलं. मग जवळ आली. "अगं, स्क्रीन तर काळा आहे. काहीच दिसत नाही."

"मला ऐकू येऊन राहिलं," चारुशीला म्हणाली. "पाणी दे."

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मराठी टाइप करायचा कीबोर्ड बसवायला केयूरच आला. त्यानं स्क्रीनला जुन्या पद्धतीची, आवाज न नेणारी वायर लावून दिली आणि वायरीचं सांगायचं राहिलं म्हणून कानाला हात लावला. पुढचे कित्येक दिवस चारुशीलेची बोटं जुन्या सवयीनं चुकत राहिली. सेव्ह केलेली फाइल सापडायची नाही, मग ती टेबलावर मूठ आपटायची. मराठी आवाज तर ऐकवत नव्हता. जोडाक्षरावर तो अडखळायचा आणि पंचफुलाचं नाव असं घ्यायचा की जणू सायकलची हवा सुटली. पण त्याचा एक गुण होता. समोर जे आहे तेच तो वाचायचा. 'मले' असेल तर मले, 'डोये' असेल तर डोये. शंका आली की ती त्याला एकेक अक्षर उच्चारायला लावायची.

तिनं पंचफुलाचं सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा टाइप केलं. एका दुपारी ती झालेलं काम स्पीकरवर तपासत होती. मुग्धा चहाचे कप घेऊन आत आली आणि तो पत्र्याचा आवाज ऐकून थबकली.

"ही बाई असं बोलते?"

"छे," चारुशीला म्हणाली. "ती अशी बोलते." तिनं मूळ रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं.

इतके दिवस मुग्धानं पंचफुलाला नुसतं वाचलं होतं. हेडफोन चारुशीलेच्या कानाला असायचा. आता खोलीत तो दम लागलेला खणखणीत आवाज भरला. हात कसे जयत, डोये काहून चोयाचे नाही, सासूनं पहिल्या तोड्याला कसं रडवलं, आणि मग ते मध्येच फुटणारं हसू. मुग्धा कप हातात धरून उभीच होती. चहावर साय आली असावी.

"मग त्या सासूचं काय झालं?" तिनं विचारलं.

"पुढे आहे. ऐक."

मुग्धानं माफी मागितली नाही. मागणाऱ्यातली ती नव्हतीच. पण त्यानंतर रोज दुपारी ती येऊन बसायची आणि 'लाव' म्हणायची. चारुशीलेला त्याचा त्रासच व्हायचा, कारण मुग्धा मध्येमध्ये प्रश्न विचारायची आणि काम रेंगाळायचं. त्यावरूनही दोघी भांडल्या. शेवटी असं ठरलं की चारुशीलेचं टाइप होईपर्यंत मुग्धानं तोंड उघडायचं नाही, आणि नंतर दोघींनी मिळून ऐकायचं.

हिमानीला सगळं काम दिवाळीच्या आधी गेलं. तिनं रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, पुढच्या गावाचं पाठवू?" चारुशीला म्हणाली, "पाठव."

कॉम्प्युटर अजून चालतो आहे. दर शनिवारी ती अपडेट करते आणि ते होईपर्यंत कोणाला खोलीत येऊ देत नाही. मध्यंतरी चंपतरावांनी तिचा नंबर भंडाऱ्याच्या एका सिंधूताईंना दिला. नजर अधू होत चाललेली, घरात मुलाचा टाकून दिलेला कॉम्प्युटर, आणि कोणतं लिनक्स नवशिक्यांना सगळ्यात सोपं, हा प्रश्न.

"ते मी नाही सांगणार," चारुशीला फोनवर म्हणाली, तिच्या त्या जुन्या हॉस्पिटलच्या आवाजात. "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला त्याच्यावर काय करायचंय?"

असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, आणि चारुशीला ऐकत राहिली.